०.१ ग्रॅमचा काटा: नातीच्या किटो आहारासाठी घेतलेल्या तीन काट्यांबद्दल

आधी निकाल सांगून टाकतो. दोन किलो क्षमतेचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा, वायरवर चालणारा टेबलावरचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. खिशात मावणारा झाकणाचा काटा प्रवासापुरता ठेवा. आणि ओट्यावर मिरवायचा तो काचेचा, एक-एक ग्रॅमने उडी मारणारा काटा केक करणाऱ्यांना लखलाभ. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. या काट्यांवरचं नाव दर हंगामाला बदलतं, आतला माल बहुतेक एकच असतो. नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगतो.

माझी लायकी एवढीच, की बार्शीत आमचं किराणा दुकान होतं आणि माझं आयुष्य काट्यामागे उभं राहून गेलं. वडिलांच्या हातात तागडी होती आणि सेर-छटाकाची वजनं. १९५८ पासून दशमान वजनं आली, तरी गिऱ्हाईक पावशेरच मागायचं. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा, आम्ही २५० द्यायचो, कुणी तक्रार केली नाही. आता चिंचवडला मुलाकडे असतो. मुलगा पाळीवर जातो, सून बँकेत, आणि सकाळचा काटा माझ्याकडे.

वजन कमी करायला किटो, म्हणजे स्निग्ध भरपूर आणि कर्बोदकं अगदी कमी असा आहार, करणाऱ्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. आमच्याकडे हा आहार औषध म्हणून आला. नात पाच वर्षांची आहे. तान्ही असताना अपस्माराचे झटके सुरू झाले, दुपट्यातल्या दुपट्यात दुमडायची. पुढे मान टाकायला लागली, उभी असताना धाडकन पडायची, म्हणून डोक्यावर हेल्मेट आलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, एकीत दुसरी मिळवून झाली. मग मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता किटोजेनिक आहार करून बघू. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, चला, खाण्यापिण्याचंच तर आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला तेव्हा कळलं की खाण्यापिण्याचंच आहे म्हणूनच अवघड आहे.

दुकानदाराला हिशोब लवकर समजतो, म्हणून तो माझ्या शब्दांत सांगतो. चारास एक असं प्रमाण असेल, तर एका पारड्यात ४ ग्रॅम स्निग्ध, आणि दुसऱ्यात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. हे चार ग्रॅम तूप आणि एक ग्रॅम भाजी असं नव्हे. भाजीतलं पाणी, चोथा वजा करून आत जे आहे त्याचा हिशोब. चार ग्रॅम स्निग्धाचे ३६ उष्मांक, एका ग्रॅमचे ४, असा ४० चा एक भाग झाला. दिवसाला १००० उष्मांक ठरले तर असे २५ भाग. म्हणजे १०० ग्रॅम स्निग्ध आणि बाकी सगळं मिळून २५ ग्रॅम. त्या पंचवीसातून वाढीपुरती प्रथिनं आधी बाजूला काढायची. उरतात सात-आठ ग्रॅम कर्बोदकं, तीही चार जेवणांत वाटून. एका मध्यम पोळीत पंधराच्या आसपास असतात. पोळीचा विषय तिथेच संपला. भात, वरण, केळं, दुधातली साखर, ताप आल्यावरचं गोड सिरप, सगळं त्याच दारातून बाहेर गेलं. गोळ्यासुद्धा सिरपच्या जागी कुटून द्यायच्या ठरल्या, आणि टूथपेस्टच्या नळीवरचं बारीक अक्षर मी भिंग लावून वाचलं.

नवीन माल दुकानात घेताना तो आला कुठून हे विचारायची मला खोड आहे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उपाशीपोटी झटके कमी होतात हे जुनं निरीक्षण आहे. १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं, की उपाशी न ठेवता शरीराला उपाशी असल्यासारखं तुपावर चालवता येईल. १९३८ मध्ये झटक्यांवरची फेनिटॉइन ही गोळी आली आणि एवढा खटाटोप कोण करतो म्हणून हा आहार मागे पडला. २००८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी १४५ मुलांवर नीट चाचणी घेऊन निकाल छापला. आहार दिलेल्या गटात तीन महिन्यांनी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून जास्त कमी झाले होते. आहार न दिलेल्या गटात असं ६ टक्क्यांचं झालं. १०० तले ३८ हे काही खात्रीचं गिऱ्हाईक नव्हे. पण गोळ्यांनी हात टेकल्यावर ३८ पुष्कळ वाटतात.

आता काट्याकडे वळतो.

पहिला घेतला तो काचेचा, पाच किलोवाला. चारशेच्या आत मिळतो, दिसायला देखणा, पुसायला सोपा. दोष असा, की तो पूर्ण ग्रॅमच दाखवतो. साडेचार ग्रॅमही पाच आणि पाच पूर्णांक चारही पाच. कोबी ४० ग्रॅम घ्यायचा असेल तर याने काही बिघडत नाही, उगाच घाबरू नका. पण बदामाचं कूट पाच ग्रॅम लिहिलंय तिथे हा काटा तुम्हाला दहा टक्क्यांनी फसवू शकतो. एका ताटात कूट, लोणी, पनीर, तूप, खोबरेल असे पाच जिन्नस. प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं की प्रमाण चाराच्या खाली कधी गेलं ते कळतही नाही. दुसऱ्या दिवशी लघवीत बुडवून बघायची पट्टी मात्र सांगते. शरीर स्निग्ध जाळतं तेव्हा कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात, ती भरपूर असली की पट्टी गडद जांभळी होते, घसरली की फिकी गुलाबी. आमच्या बाथरूमच्या दारावर त्या रंगांचा तक्ता चिकटवलाय, पाहुणे विचारतात घराला रंग काढताय का.

दुसरा, खिशातला. ५०० ग्रॅम क्षमता, ०.१ ग्रॅमची बारकाई, सहाशेच्या आतबाहेर. सोनाराकडे चांदीच्या जोडव्यांना वापरतात तसा. यावर मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण बहुतेक घरं हाच घेतात.

बारकाई खरी आहे. माझ्याकडच्या पितळी वजनांवर तो बरोबर उतरला. पण स्वयंपाकघर म्हणजे सराफी पेढी नव्हे. एक, तो स्वतःहून बंद होतो. वाटी ठेवली, झिरो केलं, क्रीम ओतायला घेतलं, तेवढ्यात नातीला उचकी लागली, तुम्ही पाणी पाजून आलात, की पडदा काळा. वाटीचं वजन विसरला. आता आतलं क्रीम किती हे कुणालाच ठाऊक नाही, सगळं परत. म्हणून आमच्या प्रत्येक वाटीच्या बुडाला सुनेने तिचं रिकामं वजन कोरून आणलंय, भांड्यांवर नावं घालतात त्या माणसाकडून. दोन, थेंब-थेंब ओतलेलं हा काटा गिळतो. झिरो केल्यावर अगदी बारीक धारेने तेल सोडलं तर त्याला वाटतं आपलाच शून्य सरकतोय, आणि तो मनातल्या मनात परत शून्य करत राहतो. चमचाभर तेल पडलं तरी पडद्यावर शून्यच. हा त्या एकाच काट्याचा दोष नव्हे, बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांत शून्य सांभाळायची सोय असते आणि ती इथे उलटते. उपाय सोपा आहे. झिरो झाल्यावर पहिली धार जरा ठसठशीत सोडा, मग हळू व्हा. किंवा बाटली काट्यावर ठेवून झिरो करा आणि तेल काढून घ्या, वजा आकडा येतो तेवढं तेल बाहेर आलं. आमच्या घरी खोबरेल असंच मोजतात.

तीन, ताटली तळहाताएवढी. रुंद वाटी ठेवली की आकडा तिच्या सावलीत, मान वाकडी करून वाचायचा. चार, एकक बदलायचं बटण झिरोच्या बटणाला चिकटून. घाईत ते दाबलं गेलं की ग्रॅमच्या जागी औंस येतो. आम्ही त्यावर औषधाच्या पट्टीचा तुकडा चिकटवला. पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्याला ५०० ग्रॅमच्या वर भार सोसत नाही. आत एक धातूची पट्टी असते, भाराने ती केसभर वाकते आणि त्यावरून वजन कळतं. एकदा फार वाकली की सरळ होत नाही. आमच्या बाईसाहेबांनी दोन्ही तळवे ठेवून त्यावर जोर दिला आणि तो काटा त्या दिवसापासून रिकामा असताना तीन ग्रॅम दाखवतो. कंपनीकडे तक्रार कशी करणार? पाच वर्षांच्या मुलीला कुठलीच हमी लागू होत नाही.

तिसरा म्हणजे आता वापरतो तो. टेबलावरचा, दोन किलो, ०.१ ग्रॅम, अडीच हजारांच्या आसपास. वायर आहे, आत चार्ज होणारी बॅटरीही आहे, म्हणजे लाइट गेली तरी जेवण अडत नाही. आपोआप बंद व्हायची सोय बंद करता येते. या एका गोष्टीसाठी वरचे पैसे वसूल. ताटली स्टीलची, निघते, घासता येते. पुढे पाणसळीचा बुडबुडा आहे, चारी पाय फिरवून काटा सपाटीला आणता येतो. स्वयंपाकाचा ओटा धुवायच्या सोयीने जरा उतरताच असतो, त्यामुळे हे हवंच. आकडा मोठा आणि उजेडाचा, माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसतो. वाईट काय? जड आहे, कुठे नेता येत नाही. बटण दाबलं की कर्कश आवाज करतो, तो बंद होत नाही. ताटलीखालच्या फटीत बदामाचं कूट साचतं आणि मुंग्या येतात. आठवड्यातून एकदा ताटली काढून कोरड्या ब्रशने झाडा, ओलं फडकं आत घालू नका.

काटा कुठलाही असो, पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने पहिला दशांश नाचत राहतो. गरम वाटी ठेवू नका, उष्णतेने आकडा सरकतो. फ्रीजमधून काढलेली थंड वाटीही नको, तिला दव धरतं आणि त्या दवाचंही वजन लागतं. मोबाइल काट्याशेजारी ठेवून तक्ता वाचू नका, स्वस्त काटा बिचकतो. बॅटरी उतरत आली की काटा खोटं बोलायला लागतो, बंद पडायची वाट बघू नका.

दुकानात आमच्या काट्याला दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का लागायचा, पासिंग म्हणायचो आम्ही. घरगुती काट्याला तसा शिक्का नसतो, कारण त्यावर कुणाला काही विकायचं नसतं. म्हणून पारख आपण करायची. काट्याबरोबर २०० ग्रॅमचं एक प्रमाणित वजन घ्या, शिवाय पाच किंवा दहा ग्रॅमचं एक छोटं. दर रविवारी दोन्ही ठेवून बघा. मोठ्यावर बरोबर आणि छोट्यावर चूक असा काटाही असतो, आणि आपलं सगळं काम छोट्यातच आहे. वजनं हाताने धरू नका, हाताचा तेलकटपणा चढतो, चिमट्याने किंवा कापडात धरून ठेवा.

दुकानात मी कायम झुकतं माप दिलं. वडिलांची शिकवण होती, पारडं गिऱ्हाइकाकडे जरा टेकलंच पाहिजे, चार दाणे वर गेले तर घरात बरकत राहते. ती सवय हातातून जाता जात नाही. नातीच्या वाटीत पनीर टाकताना बोटं आपोआप एक तुकडा वर टाकतात. सून काही बोलत नाही, चमच्याने तो तुकडा उचलते आणि डब्यात परत टाकते. तिचं बरोबर आहे. इथे वर टाकलेलं प्रेम पट्टीवर फिकं होऊन दिसतं. आमच्या मंडळींची गोष्ट याच्याही पुढची. तिने जन्मात मीठसुद्धा मोजलं नाही, अंदाजाने वीस माणसांची पंगत उठवली. पहिल्यांदा तिला काट्याचा अपमान वाटला. आता तीच शेजारणींना सांगते, अंड्याचा बलक आणि पांढरं वेगळं तोला, बाजारातली अंडी सारखी नसतात.

आणि जेवढं तोललं तेवढं पोटात गेलं पाहिजे. वाटीच्या कडेला तूप चिकटून राहिलं तर सकाळची सगळी कसरत धुण्याच्या पाण्यात गेली. त्यासाठी सिलिकॉनचा छोटा उलथना घ्या. काटा अडीच हजारांचा आणि हा साठ-सत्तर रुपयांचा, पण मोल जवळपास सारखं. तूप शेवटी पातळ करून काकडीच्या किसात जिरवलं तर नात खाते. नुसतं दिलं तर तोंड फिरवते, आणि कुणीही फिरवेल.

सणावारी काट्याची खरी परीक्षा. गणपतीत घरात उकडीचे मोदक न करणं मंडळींना मान्य नव्हतं आणि नातीसमोर ते खाणं सुनेला मान्य नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी तोड काढली. खोबऱ्याचा कीस, लोणी, क्रीमचं घट्ट, गोडीला त्यांनी मंजूर केलेले गोडव्याचे थेंब, पेढ्याच्या मोदकाच्या साच्यात दाबून फ्रीजमध्ये. प्रत्येक मोदक १८ ग्रॅम, कमी नाही जास्त नाही, आणि त्या दिवशीच्या चारच्या खाण्यातून वजा. अडचण होते ती दुसऱ्यांच्या घरी. सत्यनारायणाचा चिमूटभर शिरा, हळदीकुंकवाची खडीसाखर. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं असं मलाही शिकवलंय. मी पुढे होऊन हात पसरतो आणि तिच्या वाटणीचा प्रसाद मीच खातो. एका बाईंनी ऐकवलं, "एवढ्याशा पोरीला एवढं तूप, काळीज आहे का तुम्हाला?" त्यांना हिशोब समजावत बसत नाही.

फरक पडला का, हे सगळेच विचारतात. पडला. मान टाकणं निम्म्याहून पुष्कळ कमी झालंय, सकाळी जागी झाल्यावर ती आता माणसाकडे बघते. झटके थांबलेले नाहीत. हेल्मेट अजून खुंटीवर नाही, डोक्यावरच आहे. बद्धकोष्ठ पिच्छा सोडत नाही, मुतखडा होऊ नये म्हणून औषध चालू आहे, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात, ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं. बोलणं फार नाही तिचं, मोजके शब्द आहेत. त्यात "शून्य" हा एक आहे. मी वाटी ठेवली की ती बटण दाबते आणि म्हणते. टेबलावरचा काटा घेतला याचं एक कारण हेही, की त्याचं झिरोचं बटण मोठं आहे आणि बोटाच्या जोराने काटा सरकत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काटा बाजारात मिळतो, तक्ता बाजारात मिळत नाही. काही मुलांच्या शरीराला स्निग्ध पदार्थ जाळताच येत नाहीत, त्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो. ते आधी रक्त-लघवीच्या तपासण्यांत बघून घेतात. सुरुवातीच्या दिवसांत साखर खाली जाते, उलट्या होतात, म्हणून आमची सुरुवात दवाखान्यात दाखल करून झाली. नात्यातल्या कुणाच्या मुलाला झटके येतात म्हणून आमच्या तक्त्याचा फोटो मागणारे फोन येतात. मी देत नाही, मग त्यांनी राग धरला तरी चालेल. दुसरं, आजारी पडून दुसऱ्याच दवाखान्यात जायची वेळ आली तर तिथले लोक सवयीने साखरेचं सलाइन लावतात. डॉक्टरांचं पत्र प्रत्येक पिशवीत ठेवा. आमच्याकडे ते खिशातल्या काट्याच्या डब्यातच घडी करून असतं, म्हणजे प्रवासात दोन्ही एकत्र सापडतं. हा खिशातला काटा मात्र नवा, तो तीन ग्रॅमवाला नव्हे. तो जुना तीन वजा करून बघितला तर अजून बरोबर येतो का, हे मी पितळी वजनावर तपासलं. पाचला बरोबर, शंभरला चूक. म्हणून नवा घेतला आणि जुना पोरीला खेळायला दिला.

खरेदीला जाल तेव्हा ऑनलाइन मागवण्यापेक्षा काटे विकणाऱ्या दुकानात जा. वजन बरोबर न्या. दुकानदाराला सांगा, ताटलीवर रिकामी वाटी ठेवा, झिरो करा, मग त्यात पाच ग्रॅम टाका, मग तेच पाच ग्रॅम ताटलीच्या चारही कडांना सरकवून बघू. कुठल्याही कडेला आकडा तोच यायला हवा. मग पाच मिनिटं त्याच्याशी गप्पा मारा आणि काटा अजून चालू आहे का बघा. एवढं करू द्यायला जो कुरकुरेल, त्याच्याकडून घेऊ नका, पुढच्या दुकानात जा.